अडीचकी

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. अपूर्णांकांचे हे पाढे वडिलांनी केदारखेड्याच्या घरी माझ्याकडून घोकून घेतले होते आणि पुढे पन्नास-पंचावन्न वर्षे मला त्यांचा काडीचाही उपयोग झाला नाही. सरकारी आरोग्य केंद्रात औषधनिर्माता म्हणून बत्तीस वर्षे गोळ्या मोजल्या. तिथे पूर्णांक पुरले. निवृत्तीनंतर अंबडच्या एका खाजगी रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेत औषधशास्त्र शिकवू लागलो, तिथे मात्र अडीचकी कामी आली.

सहा वर्षांपूर्वी रुग्णालयाच्या स्टोअरमध्ये एकदम शंभर खुणांच्या, केशरी टोपीच्या इन्सुलिन सिरिंज आल्या. आपल्याकडे इन्सुलिनची जी साधी बाटली मिळते तिच्यासाठी चाळीस खुणांची, लाल टोपीची सिरिंज असते. डॉक्टरांनी बारा युनिट लिहिले तर लाल सिरिंजमध्ये बाराव्या रेघेपर्यंत भरायचे, डोके चालवावे लागत नाही. त्याच बाटलीतले तेच बारा युनिट केशरी सिरिंजमध्ये घ्यायचे तर तिसाव्या रेघेपर्यंत ओढावे लागते. औषध तेवढेच, रेघा जास्त. वॉर्डातल्या मुली गोंधळल्या. एकीने केशरीतही बारावीच रेघ धरली आणि त्या रुग्णाची शुगर चार दिवस हटेना. तेव्हा मी वर्गात अडीचकी काढली. चार अडीच दहा, सहा अडीच पंधरा, आठ अडीच वीस, दहा अडीच पंचवीस, बारा अडीच तीस. मुली हसल्या, मग घोकू लागल्या, मग चुका थांबल्या. रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर अवधूत खूश झाले. त्यांनी माझ्या अक्षरातला तक्ता प्लास्टिकमध्ये घालून बायकांच्या वॉर्डात भिंतीवर लावला. खाली बारीक अक्षरात माझे नाव आहे.

मी आयुष्यात पुष्कळ वाचले. लिहिलेले कुठे छापून आले नाही, आणि पाठवलेही फारसे नाही. त्यामुळे भिंतीवरच्या त्या कागदाचे मला काय वाटायचे ते सांगायला संकोच होतो. वॉर्डात गेलो की मी तक्त्याकडे बघत नाही असे दाखवत त्याच्याकडे बघायचो.

मीना आमच्या घरी आली ती एका दुपारी. दार उमाने, माझ्या पत्नीने, उघडले.

"तुमची विद्यार्थिनी आलीये. ड्युटीच्या कपड्यातच आहे, आणि चेहरा बघा तिचा."

मीना शहागडची. गेल्या वर्षी आमच्याच शाळेतून पास झाली आणि चार महिन्यांपासून त्याच वॉर्डात नोकरीला होती. वर्गात ती मागच्या बाकावर बसायची आणि मी चुकीचे पान वाचतोय हे सांगण्याचे काम नेहमी तिच्याकडे असायचे. ती खुर्चीवर बसली नाही. माझ्यापुढच्या उघड्या पुस्तकावर तिने दोन सिरिंज ठेवल्या, एक लाल टोपीची, एक केशरी.

"सर, आमच्या गावच्या चांगुणाबाई आज सकाळी पुन्हा आल्या. शुगर अडतीस. शुद्ध न्हाई, घामानं साडी ओली पिळायची. आठ दिवसाखाली पण अशाच आल्त्या."

चांगुणाबाईंचे नाव मी ऐकले होते. दीड महिन्यापूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता आणि त्याच वेळी मधुमेह सापडला होता. दहा दिवस वॉर्डात होत्या. घरी जाताना हृदयासाठी मेटोप्रोलॉलची गोळी आणि सकाळ-संध्याकाळ बारा युनिट इन्सुलिन लिहून दिले होते.

"जेवत नसतील," मी म्हणालो.

"जेवतात. त्या शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, किती घेता. म्हणल्या, तीस नंबर. कुठल्या सिरिंजनं, तर त्यांच्या पोरानं पिशवीतून ही काढून दाखवली." तिने लाल टोपीवर बोट ठेवले. "गावातल्या मेडिकलमधी हीच मिळती."

लाल सिरिंजची तिसावी रेघ म्हणजे सरळ तीस युनिट. बाराच्या जागी तीस, दिवसातून दोनदा.

"तीस कोणी सांगितलं त्यांना?"

"मी." ती माझ्याकडे बघत होती, खाली बघायला मीच लागलो. "सुट्टी देताना मीच शिकवलं. दहा दिवस वॉर्डात केशरीनं तिसापर्यंत भरून राह्यले होते. बारा अडीच तीस. तेच तोंडात बसलेलं. म्हणलं, बाई, तीस नंबरपर्यंत ओढायचं. घरी कुठली सिरिंज येईल ते मनातच आलं न्हाई."

माझ्या मनात सगळ्यात आधी काय आले ते लिहायला हवे. बाईचे काय झाले असते, हे नाही आले. गणित तर बरोबर आहे, असे आले. आणि ते मी मोठ्याने बोलूनही गेलो.

उमा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. "गणित बरोबर असेल हो," ती म्हणाली. "बाई मरत होती ना?"

मीनाने पाणी उभ्यानेच प्यायले. "सर, तुम्हीच शिकवलं होतं. मेटोप्रोलॉल चालू असलं की शुगर उतरल्यावर छाती धडधडत न्हाई, हात कापत न्हाई. शरीराची घंटाच वाजत न्हाई. घाम तेवढा लपत न्हाई. बाईला घाम येत होता आणि सून पंखा लावून द्यायची. उकडतंय म्हणून."

ते मी शिकवले होते हे खरे. पुस्तक वाचून दाखवताना माझी नजर वर जात नसल्याने कोण लक्ष देते हे मला कधी कळले नव्हते.

मग तिने खरी गोष्ट सांगितली. चांगुणाबाईंचा मुलगा मच्छिंद्र शहागडला हायवेवर ट्रकचे टायर पंक्चर काढतो. त्याने सकाळी वॉर्डात आवाज चढवला होता. लेखी द्या म्हणाला, माझ्या आईला झालं काय. डॉक्टर अवधूतांनी लेखी तयार केले होते: रुग्णाने एकादशीचा उपास केला व उपाशीपोटी इन्सुलिनची पूर्ण मात्रा घेतली. खाली वॉर्डातल्या सिस्टरची सही हवी होती, म्हणजे मीनाची, उद्या सकाळी.

"मी करणार न्हाई," मीना म्हणाली.

"नाही केलीस तर?"

"काढून टाकतील. अनुभवाचा दाखला पण देणार न्हाईत. मंग मला कोण घेईल? इथं सगळे डॉक्टर एकमेकाच्या ओळखीचे. घरचे म्हणतेत तीन वर्षं शिकवली ते कशाला, शहागडला बसून भाकरी थापायला?" तिचा आवाज एकदाच हलला. "पण सही केली तर बाई परवा घरी जाईल आणि पुन्हा तीसच घेईल. एकादशीला घेणार न्हाई एवढंच."

"तू त्यांना नीट सांगून टाक की."

"सांगितलं सर. चांगुणाबाईला सांगितलं. पण मी एकटीच थोडी शिकवते? सगळ्याच सिस्टर असंच सांगून राह्यल्या. सहा वर्षं झाले. तुम्ही उद्या या. तक्ता तुमचा आहे, तुम्ही बोललात तर डॉक्टर ऐकतील."

"मला बोलता येत नाही गं."

"वर्गात बोलता की."

"वर्गात मी वाचतो."

उमा म्हणाली, "मग लिहून न्या आणि वाचून दाखवा. पण जा."

लिहायला बसलो. चार वेळा लिहिले आणि चारही वेळा ते क्षमापत्रासारखे झाले. शेवटी कोरा कागदच खिशात घातला.

सकाळी वॉर्डात शिरलो तेव्हा चांगुणाबाई खाटेवर मांडी घालून उपमा खात होत्या. पासष्टीच्या असतील. बारीक अंगाच्या, कपाळावर मोठे गोंदण. मच्छिंद्र उशाशी उभा होता. हाताचे काळे डाग धुऊनही गेले नव्हते. डॉक्टर अवधूत खाटेच्या पायथ्याशी कागद घेऊन उभे होते आणि शेजारी मीना. अवधूत वाईट माणूस नाहीत. रात्री-बेरात्री पेशंटसाठी उठून येतात, हे मी पाहिले आहे. मला बघून ते हसले.

"या सर. आजी, परवा एकादशी होती. उपास होता ना तुम्हाला?"

"मला?" चांगुणाबाईंनी चमचा थांबवला. "माझ्या सासूनं मला तीस वर्षं उपास धरायला लावला. ती गेली त्या दिवसापासून मी एकादशीला भाकर जास्तीची खाते."

पलीकडच्या खाटेवरची बाई फिस्सकन हसली.

"साबुदाणा वगैरे खाल्ला असेल."

"साबुदाण्यानं पित्त होतं मला. बैंगनाची भाजी खाल्ली. विचारा ह्याला, दोनदा घेतली का न्हाई."

"घेतली," मच्छिंद्र म्हणाला. "मला उरली न्हाई."

डॉक्टरांनी कागदाची घडी घातली. "मग इन्सुलिन जास्त गेलं. किती घेत होता?"

"तीस. ह्या पोरीनं सांगितलं तसं. पोरीला काय बोलू नका, बिलकुल चांगली आहे. काल मला बसवून नवीन शिकवलं तिनं. लाल टोपी, बारावी रेघ. म्हणून दाखवू का?"

डॉक्टर मीनाकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखे काहीतरी आले, ते मला आवडले नाही. "केबिनमध्ये या. सर, तुम्हीपण."

केबिनमध्ये त्यांनी संगणकावर दुसरे पत्र तयार केले. आम्ही उभे असतानाच दोन मिनिटांत ते छापून बाहेर आले. स्टाफ नर्स मीना यांनी रुग्णालयाच्या पद्धतीविरुद्ध, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे रुग्णाला चुकीची मात्रा सांगितली.

"डॉक्टरसाहेब," मी म्हणालो, "तो तक्ता माझा आहे."

"सर, तुमचा तक्ता अचूक आहे. वर स्वच्छ लिहिलंय, शंभर खुणांच्या सिरिंजसाठी. मी काल मुद्दाम पाहिलं. तुमचं नाव यात कुठेच येणार नाही, काळजी करू नका."

मला हायसे वाटले. एक क्षण, पण वाटले. आणि मीनाला ते दिसले, कारण ती माझ्याकडेच बघत होती. तिने पत्र उचलले, पूर्ण वाचले, परत ठेवले.

"चूक माझी आहे. सांगितलं मीच," ती डॉक्टरांना म्हणाली. "ते लिहा, मी सही करते. पण रुग्णालयाच्या पद्धतीविरुद्ध हे काढा. पद्धतच तशी आहे. जी सिस्टर सुट्टी देते ती वॉर्डातली रेघ सांगते. मला पण तसंच शिकवलं."

"पुरावा काय?"

"रजिस्टर काढा. सुट्टी झालेल्या इन्सुलिनच्या पेशंटला फोन लावा, विचारा."

"सहा वर्षांच्या पेशंटना फोन लावू? तालुकाभर बोभाटा करायचाय का तुला?"

"मंग ते मरतील साहेब. बोभाटा न होता."

डॉक्टरांचे कान लाल झाले. "दुपारी तीनपर्यंत सही हवी. नाहीतर कार्यमुक्तीचं पत्र तयार आहे. दाखल्यावर काय लिहायचं ते मी बघतो."

आम्ही बाहेर आलो. मीना वॉर्डात इन्सुलिन द्यायला गेली, कारण जेवणाची वेळ झाली होती आणि पेशंट थांबत नाहीत. मी तिच्या मागे गेलो आणि भिंतीवरच्या तक्त्यापुढे उभा राहिलो. फाडावा असे फार वाटले. हात वरही गेला. मग लक्षात आले, स्टोअरमध्ये अजून केशरीच सिरिंज आहेत. तक्ता फाडला तर एखादी नवी मुलगी आजच बाराव्या रेघेवर थांबेल. माझ्या रागालाही असे तळटिपेचे वळण लागते. मी लाल पेन मागून घेतले आणि प्लास्टिकवर तक्त्याखाली मोठ्या अक्षरात लिहिले: "हे फक्त वॉर्डापुरते. घरी जाणाऱ्या रुग्णाला इथली रेघ सांगू नये. युनिट सांगावे, त्याची स्वतःची सिरिंज हातात घेऊन बघावी आणि त्याच्याकडून भरून घ्यावे. वर हे लिहिले नव्हते ही माझी चूक." खाली सही केली.

"मास्तर, अक्षर चांगलं आहे तुमचं," चांगुणाबाई खाटेवरून म्हणाल्या. त्यांना वाचता येत नाही.

अकरा वाजले होते. तीनला चार तास. बाजाराचा दिवस असल्याने बाहेरच्या हॉलमध्ये गर्दी होती. बाजाराला आलेली खेड्यापाड्यांची माणसे त्याच फेरीत तपासून जातात, आणि त्यांच्या पिशवीत भाजीबरोबर औषधेही असतात. रजिस्टर मिळणार नव्हते. पण रजिस्टरमधली माणसे इथे बाकांवर बसली होती. हे मला सुचले खरे, पण अनोळखी माणसाला मी बसची वेळसुद्धा विचारत नाही.

खिडकीवर जाऊन मी आधी केसपेपर काढला, म्हणजे कोणी उठवायला आले तर बसण्याचा हक्क असावा.

"तक्रार काय?" खिडकीतल्या माणसाने विचारले.

"छातीत धडधड." ते खोटे नव्हते.

औषधांच्या खिडकीजवळच्या बाकावर बसलो. मीना काल घरी ठेवून गेली होती त्या दोन्ही सिरिंज खिशातून काढून हातात घेतल्या. शेजारी फेटेवाला एक शेतकरी होता. मी घसा साफ केला. त्याने माझ्याकडे पाहिले, सिरिंजकडे पाहिले.

"काय विकून राह्यलात काका? मला नको."

"विकत नाही. तुम्हाला शुगर आहे का?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्याची बायको मध्ये पडली. आहे, इंजेक्शन घेतात, हे लपवतात सगळ्यांपासून. त्यांच्या पिशवीत केशरी टोपीची सिरिंज निघाली. कागदावर सोळा युनिट. ते चाळीसाव्या रेघेपर्यंत भरत होते. सोळा अडीच चाळीस. "तुमचं बरोबर आहे," मी म्हणालो. "पण मेडिकलवाल्याने कधी लाल टोपीची दिली तर मात्र सोळावी रेघ."

"बरोबर आहे तर मंग विचारलं कशाला?" तो म्हणाला आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

उठून घरी जावे असे वाटले. पुढच्या दोघांना शुगर नव्हती. एकाने मला बहिरा समजून फार मोठ्याने उत्तर दिले, त्यामुळे सगळा हॉल वळून बघू लागला. ते एका परीने बरे झाले. आता विचारावे लागेना. समोरच्या रांगेतली हिरव्या लुगड्याची एक म्हातारी उठून माझ्याकडे आली आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"माझं पाहून द्या मास्तर. उषाबाई म्हणतेत मला."

पिशवीत कोथिंबिरीची जुडी, तिच्याखाली कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा, आणि डब्यात लाल टोपीची सिरिंज.

"किती घेता?"

"पंचवीस नंबर. इथल्याच सिस्टरनं सांगितलं. तीन दिवाळ्या झाल्या."

तिने घडीवर घडी घातलेला कागद काढला. सुट्टीचा कागद होता, इथलाच. दहा युनिट. दहा अडीच पंचवीस. वरची तारीख तीन वर्षांपूर्वीची. तेव्हा मीना नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला माझ्यापुढे बसून औषधांची नावे घोकत होती. वॉर्डात तिने पाऊलसुद्धा टाकले नव्हते.

"उषाबाई, चक्कर येते का?"

"येती की. जेवायला उशीर झाला की गरगरतं, अंगाचं पाणी होतं. मंग गूळ खाते. म्हणून तर संग ठेवते."

"डॉक्टरांना सांगितलं नाही?"

"सांगितलं. म्हणले, गूळ खात जाऊ नका."

माझे हात थरथरू लागले. मी मेटोप्रोलॉल घेत नाही, त्यामुळे ते सगळ्यांना दिसले. मात्रा बदलण्याचा अधिकार मला नाही, तो डॉक्टरचा आहे. तीन वर्षे पंचवीस घेणाऱ्या बाईला मी एका बाकावर बसून दहावर आणणे हीसुद्धा चूकच झाली असती. मी खिशातला कोरा कागद काढला, त्याचा एक तुकडा फाडला आणि लिहिले: "लिहिलेली मात्रा दहा युनिट. प्रत्यक्ष घेत असलेली पंचवीस. चाळीस खुणांची सिरिंज. सुट्टीची तारीख सोबतच्या कागदावर आहे. शुगर आता तपासावी ही विनंती." आणि खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

"हे घेऊन डॉक्टरांच्या केबिनमध्ये जा. त्यांच्या हातात द्या, टेबलावर ठेवू नका."

"माझा नंबर यायचाय अजून."

"नंबर राहू द्या. जा."

ती गेली. तोवर मच्छिंद्र वॉर्डातून बाहेर आला होता. काय चालले आहे ते त्याने दोन मिनिटे पाहिले, मग दाराशी उभा राहून टायरवाल्याच्या आवाजात ओरडला, "ज्यांना ज्यांना इथून शुगरची सुई लावून दिली, त्यांनी इकडं या. पिशवी घेऊन या. जल्दी." मला ओरडायला जमले नसते, आणि त्याने माझ्याकडे परवानगीही मागितली नाही.

बाराला मीना आली. तिने बाकावरची दुसरी सिरिंज उचलली आणि माझ्या शेजारी उभी राहून लोकांकडून बाटलीतून पाणी ओढून घेऊन बघू लागली. ती भरून घ्यायची, मी कागद वाचायचो आणि चिठ्ठी लिहायचो. पुष्कळांचे बरोबर होते. ते रागावून गेले. दीड वाजेपर्यंत चुकीचे पाच निघाले. चौथे एक निवृत्त कंडक्टर होते, चोवीसच्या जागी साठ भरताना रेघाच संपल्या म्हणून ते दोनदा टोचून घेत होते. "साठ नंबर सांगितलं ना," ते म्हणाले. "ह्यात चाळीसच आहेत. मंग चाळीस आणि वर वीस. हिशेबात माझी कधी चूक न्हाई." त्यांना गेल्या महिन्यात दोनदा शुद्ध हरपल्यावर दुसऱ्या दवाखान्यात नेले होते. पाचही कागदांवर तारखा वेगवेगळ्या, सिस्टरच्या सह्या वेगवेगळ्या. मीनाची एकावरही नव्हती.

मिथुन नावाचा वॉचमन आला. चांगला पोरगा आहे, मला पाहिले की माझी सायकल धरायला पुढे येतो. "सर, साहेबांनी सांगितलं, इथं असं बसता येणार न्हाई."

मी केसपेपर दाखवला. "माझा नंबर यायचाय."

त्याने तो उलटसुलट पाहिला. "मंग बसा," म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "माझ्या मामीला पण इथूनच चालू आहे सर. फोन करून विचारू का कुठली टोपी?"

डॉक्टर अवधूत स्वतः आले तेव्हा सव्वादोन झाले होते. त्यांच्या हातात माझ्या पाच चिठ्ठ्या होत्या आणि सकाळचे ते पत्र. केबिनच्या दारात कंडक्टर आणि उषाबाई बसलेले दिसत होते. बोटाला कापूस धरलेला, म्हणजे शुगर तपासली होती. डॉक्टरांनी हॉलकडे पाहिले. पन्नासेक माणसे त्यांच्याकडे बघत होती. ते माझ्याजवळ वाकले.

"सर, हे पत्र मी रद्द करतो. मीनाची नोकरी शाबूत आहे, दाखल्याचाही प्रश्न नाही. तुम्हाला हवं होतं ते झालं. आता आत या, चहा घेऊ, शांतपणे बोलू. इथे नको." आणि त्यांनी ते पत्र मध्यातून फाडले, दोन्ही तुकडे मीनाच्या हातात दिले.

मोठ्या माणसाने आत या म्हटले की मी उठतो. सगळे आयुष्य असेच उठत आलो आहे. आताही गुडघे अर्धे सरळ झाले होते. मीनाने त्या तुकड्यांकडे पाहिलेसुद्धा नाही, ते खिशात कोंबले.

"सर, बसा," ती म्हणाली.

मी बसलो.

"रजिस्टर?" मी विचारले. आवाज फार बारीक आला, म्हणून पुन्हा विचारले. "डॉक्टरसाहेब, सुट्टीचं रजिस्टर. जे आज बाजाराला आले नाहीत त्यांचं काय?"

"बघू ना. त्यावर बसून ठरवू."

"बघू म्हणजे कधी?"

असा प्रश्न मी कुणाला कधी विचारला नव्हता. नोकरीत असताना बघू म्हणजे नाही, हे मला कळत होते आणि तरी मान हलवून मी निघून येत होतो. डॉक्टरांनी चष्मा काढला. चिडण्यापेक्षा ते थकलेले दिसत होते.

"सर, तुम्हाला कळतंय का हे बाहेर गेलं तर काय होईल? तुमचा तक्ता आहे तो. उद्या लोक तुमचंच नाव घेतील."

"घेऊ द्या. नाव खाली लिहिलेलंच आहे. मी वॉर्डात आज त्याच्याखाली आणखी लिहिलंय, तेही वाचा."

"आणि माझं पण लिहा," मीना म्हणाली. "चांगुणाबाईला चुकीचं मीच सांगितलं, ते मी कुठंपण सांगते. पण फोन आजपासून लावायचे. मी ड्युटी संपल्यावर बसून लावते. वीस वीस लावले तरी दिवाळीच्या आत होतेत."

"आणि नाही म्हटलं तर?"

बाकावर माझ्या शेजारी जागा होती, तिथे मीना बसली. ड्युटीच्या कपड्यात, पेशंटच्या बाकावर, डॉक्टर उभे असताना. हे आमच्याकडे कोणी करत नाही. मला स्वतःलाच चोरट्यासारखे झाले आणि मी थोडा सरकून तिला नीट जागा करून दिली.

डॉक्टर मागे न बघता केबिनकडे गेले. ते रजिस्टर आणायला गेले की पोलिसांना फोन करायला, हे त्यांच्या पाठीवरून सांगता येत नव्हते. माझ्या छातीत आता खरोखरच धडधडत होते. मीनाने माझे मनगट धरले आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजले, जसे तिला शिकवले होते.

"शंभर आहे सर. घरी जाता का?"

"नाही."

दारातून एक जोडपे आत येत होते, नवऱ्याच्या हातात औषधांची पिशवी. मी चिठ्ठीसाठी कागदाचा आणखी एक तुकडा फाडला आणि पहिल्यांदाच हात वर करून त्यांना मोठ्याने हाक मारली.

"अहो, इकडे या जरा. बसा. पिशवीतली सिरिंज काढा."